वाणसामानाचा खर्च: महिन्याची यादी आणि मधल्या फेऱ्या

गोदाकाठ (नाशिक)

आमचे घर पाच माणसांचे आहे: आम्ही दोघे, चौदा आणि नऊ वर्षांची दोन मुले आणि सासूबाई. मागच्या वर्षी जून ते ऑगस्ट असे तीन महिने मी स्वयंपाकघरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद एका दोनशे पानी वहीत केली. त्या तीन महिन्यांत काही कमी करायचे नाही, कोणाला टोकायचे नाही, फक्त लिहायचे, एवढेच ठरवले होते. पंचवीस तारखेनंतर हात आखडता का घ्यावा लागतो, याचे उत्तर मला अंदाजाने नको होते.

महिन्याची सरासरी १७,४०० रुपये निघाली. त्यात महिन्याच्या यादीचे सामान ७,२००, दूध २,७००, भाजी आणि फळे ३,९००, आणि उरलेले ३,६०० रुपये कोणत्याही यादीत नसलेले. संपले म्हणून आणलेले, पाहुणे येणार म्हणून आणलेले, मुलांना शाळेतून येताना दिसले म्हणून घेतलेले, ॲपवरून घरपोच फुकट मिळावे यासाठी ठरावीक रक्कम भरून काढायला जोडलेले, असे सगळे त्यात येते. तीन महिन्यांत अशा ६८ फेऱ्या झाल्या होत्या. एका फेरीचे सरासरी १६० रुपये होतात आणि १६० रुपये कोणाच्याच डोळ्यांवर येत नाहीत, म्हणून हा खर्च इतकी वर्षे आम्हाला दिसला नाही. मी मात्र दर महिन्याला यादीशीच झगडत होते, साखर एक किलोने कमी कर, चहापूड हलकी घे, असे. खरे तर यादी ही आमच्या घरातील सर्वांत विचारपूर्वक होणारी खरेदी होती.

नंतर केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणाचे आकडे पाहिले, तेव्हा हे केवळ आमच्या घरापुरते नाही हे लक्षात आले. शहरी भागात माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये, आणि त्यातील सुमारे ४० टक्के खाण्यावर. पण धान्याचा वाटा एकूण खर्चाच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी आहे, तर पेये, अल्पोपाहार आणि तयार पदार्थ यांचा ११ टक्क्यांच्या आसपास. आपण गव्हाच्या भावात दोन रुपयांची घासाघीस करतो आणि बिस्किटांच्या पुड्याचा भाव विचारतही नाही.

आम्ही त्यानंतर जे केले ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे माप. डबा भरला की झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख घालायची. दोन महिन्यांत कळले की आमच्याकडे दिवसाला वीसेक पोळ्या होतात, पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर दिवसाला ६०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १८ किलो गहू. पूर्वी मी 'पंधरा आण, लागला तर पुन्हा आणू' असे म्हणत असे आणि दर महिन्याच्या अखेरीस तीन किलोंसाठी ती फेरी व्हायची. त्या फेरीत पीठ एकटे कधीच येत नसे.

दुसरी गोष्ट, भाजीसाठी फक्त बुधवार आणि रविवार. आठवड्याचा स्वयंपाक पदार्थांनुसार ठरवण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आणि तो पंधरा दिवसांत मोडला, कारण मुलांचे मन आणि बाजारातली भाजी दोन्ही आपल्या कागदाला बांधील नसतात. त्याऐवजी क्रम ठरवला. आणल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, मग भेंडी, गवार, दोडका, त्यानंतर कोबी, दुधी, बटाटा, आणि भाजी संपल्यावर पुढच्या बाजारापर्यंत मोड आलेली मटकी, चवळी, मसूर किंवा पिठले. कडधान्य भिजत घालायचा दिवस भाजीवर ठरतो, म्हणून 'आज घरात काही नाही' ही वेळच येत नाही.

तिसरी गोष्ट, एका डब्यात दर महिन्याच्या एक तारखेला १,००० रुपये रोख ठेवतो. मधली प्रत्येक खरेदी त्यातूनच करायची. ज्याने पैसे घेतले त्याने डब्यातल्या चिठ्ठीवर वस्तू लिहायची.

वर्षभरानंतर आजची सरासरी १३,१०० रुपये आहे: यादी ६,३००, दूध तेवढेच, भाजी-फळे ३,१०० आणि वरचे १,०००. वाचलेल्या ४,३०० रुपयांपैकी २,६०० केवळ मधल्या फेऱ्यांतून वाचले. आपापल्या घरचे अनुभव आणि आकडे सर्वांनी मांडावेत, ही विनंती.

दगडी पेठ

सातारा जिल्ह्यात आमचे वडिलोपार्जित किराणा दुकान आहे, तेव्हा गल्ल्याच्या या बाजूने काही सांगतो. गोदाकाठताई, तुमचे निरीक्षण अचूक आहे. यादी घेऊन येणारे गिऱ्हाईक भाव विचारते, दोन प्रकारची तूरडाळ हातावर घेऊन पाहते. संध्याकाळी धावत येणारे गिऱ्हाईक भाव विचारत नाही.

तेलाच्या डब्याबाबत मात्र यादीवाल्यांचीही फसगत होते. बाजारात १५ किलोचा डबा असतो आणि १५ लिटरचाही असतो. दिसायला दोन्ही सारखे. तेल पाण्यापेक्षा हलके असते, एक लिटर तेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरते, त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोंच्या आसपासच तेल असते. समजा किलोचा डबा २,४०० रुपयांना आणि लिटरचा २,२५० रुपयांना आहे. दीडशे रुपये वाचले असे वाटते, पण पहिल्यात किलोला १६० रुपये पडतात आणि दुसऱ्यात १६४. पुड्यांचेही तसेच आहे; दिसायला लिटरचा, पण छापील वजन वाचले तर कमी. आता वेष्टनावर छापील किमतीबरोबर एककाची किंमतही द्यावी लागते, किलोपेक्षा लहान पुड्याला दर ग्रॅमची आणि मोठ्याला दर किलोची. अक्षर बारीक असते, तरी वाचावे. मोठा पुडा नेहमी स्वस्त असतो असे नाही, हे तिथेच कळते.

दुसरे, सुट्या मालाविषयी. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद आणि लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पिठे यांवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. माल समोर पाहून, चावून घेता येत असेल तर सुटा घ्यावा. साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, तूप, फरसाण यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या वहीतले या वस्तूंचे भाव आजच्या यादीला धरू नयेत.

आणि साठवण हंगाम पाहून करावी. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, हरभरा त्याच्या मागोमाग, गहू मार्च-एप्रिलमध्ये. पण रवा, बेसन, शेंगदाणे पावसाळ्याच्या तोंडावर भरून ठेवू नयेत. रव्यात जाळी होते, शेंगदाणे खवट होतात, आणि फेकलेला स्वस्त माल सर्वांत महाग पडतो.

सांजवात

डोंबिवलीहून लिहिते आहे. आमच्याकडे आईच्या वेळेपासून मुंबई ग्राहक पंचायतीचे सामान येते. १९७५ साली ही संस्था सुरू झाली आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, आपापली मागणी आधी लिहून द्यायची आणि ठरलेल्या दिवशी संघाच्या घरी आलेला माल वाटून घ्यायचा, ही तिची सामूहिक खरेदीची रीत आहे. भावात फरक पडतोच, पण माझ्या मते खरा फायदा वेगळा आहे. पुढच्या महिन्यात काय लागणार हे या महिन्यात लिहून द्यावे लागते. आई त्यासाठी फडताळासमोर बसून प्रत्येक डबा उघडून पाहत असे, आणि ती सवय मला तिच्याकडून आली. दुकान समोर नसते, मांडणी नसते, 'एकावर एक मोफत'चा फलक नसतो. समोर फक्त आपले डबे असतात.

ज्यांच्या भागात अशी संस्था नाही त्यांनी इमारतीतल्या पाच-सहा घरांनी मिळून गहू, तांदूळ आणि तेल एवढे तीन जिन्नस तरी एकत्र मागवून पाहावेत.

तिसरा मजला

मी थोडे वेगळे बोलणार आहे. वही ठेवणे, डब्यांवर तारखा घालणे, गहू निवडणे, उन्हात घालणे, कडधान्य वेळेवर भिजवणे, कोथिंबीर निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळणे, हे सगळे काम आहे, आणि बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते. मी सकाळी सात वाजून दहा मिनिटांची लोकल पकडते आणि संध्याकाळी साडेसातला घरी येते. ॲपवरून मागवलेल्या निवडलेल्या भाजीचे जास्तीचे पैसे मी उधळपट्टी म्हणून देत नाही, तो माझ्या अर्ध्या तासाचा मोबदला असतो. ४,३०० रुपये वाचले, पण त्यासाठी किती तास लागले आणि कोणाचे लागले, तेही वहीत यायला हवे.

गोदाकाठ (नाशिक)

तिसरा मजला, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि तो मी मूळ लेखनातच मांडायला हवा होता. पहिले चार महिने सगळे मीच करत होते आणि मी थकले. दिवाळीच्या फराळाच्या सुमारास वही दोन आठवडे बंद पडली, आणि त्या दोन आठवड्यांत मधल्या फेऱ्यांचा खर्च पुन्हा जुन्या जागी गेला. त्यानंतर कामे वाटली. वही थोरला मुलगा लिहितो, कारण त्याला बेरजा करायला आवडतात आणि डब्यातल्या पैशांवर त्याची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. बुधवारची भाजी यजमान कामावरून येताना आणतात. डबे पाहून यादी काढण्याचे काम सासूबाईंनी आपणहून घेतले. माझ्याकडे आता क्रम ठरवणे आणि रविवारचा बाजार उरला आहे, आठवड्याला साधारण दोन तास.

निवडलेली भाजी वेळेअभावी घेणे मला मुळीच गैर वाटत नाही. ती यादीत घेऊन ठरवून घ्यावी, एवढेच. ठरवलेला महाग जिन्नस हिशेब बिघडवत नाही.

शेवगा

या चर्चेत टाकून दिलेल्या अन्नाचा विषय अजून आला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांमधून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला आहे. त्यात साली आणि देठेही येतात, हे खरे. तरीही मला तो आकडा पटेना, म्हणून आम्ही दोघांनी पंधरा दिवस टाकलेले सर्व वजन करून लिहिले. शिजवलेले अन्न फारसे नव्हते, कारण उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा किंवा फोडणीची पोळी आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतोच. सर्वांत जास्त होते ते न शिजवलेले: काळी पडलेली कोथिंबीर, मऊ झालेली काकडी, तीन कापांनंतर राहिलेला ब्रेड, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेली पाव किलो गवार. दहा रुपयांना एक आणि पंधराला दोन जुड्या मिळाल्या की आम्ही दोन घेत होतो आणि दीड टाकत होतो.

आता फ्रिजमधला वरचा एक कप्पा 'आधी संपवा' म्हणून ठेवला आहे. नवीन भाजी आली की जुनी त्या कप्प्यात जाते. खर्च किती कमी झाला ते इतक्यात सांगता येणार नाही, पण कचऱ्याची बादली हलकी झाली आहे.

नाशिककरांना एक विचारायचे होते: घरी कांदा साठवायचा तर कोणता आणि किती?

गोदाकाठ (नाशिक)

कांद्याविषयी आमच्याकडच्या अनुभवाने सांगते. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा टिकतो, चांगला सुकलेला असेल तर चार-पाच महिने सहज. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच घ्यावा. भाव बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात चढतो, कारण तेव्हा जुना संपत आलेला असतो आणि नवा पुरेसा आलेला नसतो. आम्ही मे महिन्यात २५ किलो घेतो, बारदानावर पसरून, हवा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवतो, आणि दर रविवारी हात फिरवून नरम झालेले काढून आधी वापरतो. बटाटा जवळ ठेवत नाही. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर दहा किलोंच्या पलीकडे जाऊ नये. सडलेल्या एका कांद्यामागे शेजारचे चार जातात.

उंबरठा

माझी परिस्थिती इथल्या सर्वांपेक्षा वेगळी आहे, तरी लिहिते. यजमान रिक्षा चालवतात, भाड्याची आहे. रोज पैसे येतात आणि रोज जातात. महिन्याच्या एक तारखेला हातात ६,००० रुपये असणे आम्हाला शक्य नाही. म्हणून आम्ही तेल पावशेर, साखर अर्धा किलो, चहापूड आणि शॅम्पूच्या पुड्या अशीच खरेदी करतो, आणि मला पक्के ठाऊक आहे की किलोमागे आम्ही तुम्हा सर्वांपेक्षा जास्त पैसे मोजतो. वही ठेवली तरी त्यात काय बदलणार, हे मला समजत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, चौघांचे वीस किलो, त्यामुळे पोटाची काळजी नाही. पण तेल, डाळ, भाजी आणि दूध यांचे गणित बसत नाही.

दगडी पेठ

उंबरठाताई, आपल्या बोलण्यात एक मोठी गोष्ट आहे, जी आम्ही दुकानदार रोज पाहतो. थोडे थोडे घेणाऱ्याला माल महाग पडतो, त्यात त्याची चूक काहीच नसते. आमच्या दुकानात मी काही कुटुंबांसाठी एक रीत ठेवली आहे. ते रोज किंवा एक दिवसाआड तीस-चाळीस रुपये जमा करतात, मी त्यांच्या नावाने लिहितो, आणि महिना भरला की एकदम पाच लिटर तेल आणि दोन किलो डाळ त्या दिवसाच्या घाऊक भावाने देतो. ही उधारीची उलटी बाजू आहे, पैसे आधी आणि माल नंतर. आपला दुकानदार ओळखीचा आणि विश्वासाचा असेल तर त्याला विचारून पाहा. नसेल तर हीच रक्कम घरातल्या डब्यात ठेवा. वही महिन्याची नको, आठवड्याची ठेवा.

सांजवात

दगडी पेठ यांच्याशी सहमत आहे, फक्त दुकानात आगाऊ जमा केलेल्या प्रत्येक रकमेची सही असलेली नोंद आपल्याजवळही असावी.

डाळीबद्दल सुचवते. तूरडाळ महाग असते तेव्हा आम्ही आठवड्यातून तीन दिवस मसूर किंवा मूग करतो. प्रथिने तिन्हींत जवळपास सारखी, शंभर ग्रॅमला २२ ते २५ ग्रॅमच्या दरम्यान. मसूर लवकर शिजते, गॅसही वाचतो. मात्र खर्च कमी करताना मुलांचे दूध, अंडी, एखादे फळ आणि ताटातली डाळ यांना हात लावू नये. माझ्या माहेरी टंचाईच्या वर्षांत सर्वांत आधी आईच्याच ताटातली भाजी कमी व्हायची. तिचे रक्त कमी झाल्याचे आम्हाला फार उशिरा कळले.

तिसरा मजला

सांजवात यांच्या शेवटच्या वाक्यांसाठी मनापासून आभार. 'उरले तर मी घेईन' असे म्हणणारी बाई घराच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. यादी करताना माणसे मोजावीत, तेव्हा स्वतःलाही मोजावे.

मागील चर्चेनंतर मी महिनाभर फक्त नोंद केली. माझ्या मधल्या फेऱ्या थोड्या निघाल्या, पण रात्री नऊनंतर ॲपवरून केलेल्या ३१ मागण्या निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत ज्या वस्तूसाठी मागणी केली तिची किंमत एकूण मालाच्या किमतीचा चौथा हिस्साही नव्हती. हाताळणीचे आणि पोहोचवण्याचे शुल्क वेगळे लिहिले, ते महिन्याला ४८० रुपये भरले. आता रविवारी रात्री एकच मोठी मागणी करते, आणि बाकीच्या दिवशी ॲप उघडत नाही. निवडलेली भाजी अजूनही घेते.

उंबरठा

दोन महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे. दुकानदाराकडे जमा करण्याचे जमले नाही, त्यांना ती कटकट नको होती. मग चाळीतल्या आम्ही तिघींनी मिळून डबा केला. रोज प्रत्येकीचे वीस रुपये. महिन्याला प्रत्येकीचे सहाशे झाले, एकूण अठराशे. पहिल्या महिन्यात पाच लिटरचे दोन कॅन तेल घेऊन वाटून घेतले. दुसऱ्या महिन्यात नऊ किलो मसूरडाळ, प्रत्येकीला तीन, आणि उरलेल्या पैशांत साखर आणि चहापूड. पाव किलो सुट्या तेलाला जे देत होतो त्यापेक्षा लिटरमागे बावीस रुपये कमी पडले, ते वहीत लिहिले आहे. मुलगी लिहिते.

एक अडचण आहे. तेल वाटताना मापाची कुरबुर झाली. आम्ही पेल्याने मोजले आणि एकीला कमी गेल्यासारखे वाटले.

दगडी पेठ

तेल पेल्याने मोजू नका, वजनाने वाटा. रिकामी बाटली आधी काट्यावर ठेवून तिचे वजन बाटलीवरच लिहा आणि मग भरा. दहा लिटरचे साधारण नऊ किलो शंभर ग्रॅम होतील, म्हणजे प्रत्येकीला तीन किलो आणि वर थोडे. जवळचा भाजीवाला किंवा पिठाची गिरणी काटा वापरू देईल. पुढच्या वेळी पाच लिटरच्या कॅनऐवजी १५ किलोच्या डब्याचा भाव विचारा, तिघींत बरोबर पाच-पाच किलो येतात, आणि डब्यावर किलो छापले आहे की लिटर ते आधी पाहा.